केट बुश काही २०२२मध्ये उगवली नाही

तुमचा लेख छान, पण ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेमुळे ब्रिटिश गायिका केट बुश प्रकाशात आली, हे वाक्य खटकलं. अहो, १९७८ साली ‘वदरिंग हाइट्स’ हे तिचं गाणं ब्रिटनमध्ये लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं तेव्हा ती जेमतेम १९ वर्षांची होती. स्वतः लिहिलेलं गाणं तिथवर नेणारी ती पहिलीच गायिका! रेकॉर्ड कंपनीला आधी दुसरंच गाणं काढायचं होतं, पण ही हटून बसली. १९७९च्या गाण्यांच्या दौऱ्यात नाचताना हात मोकळे राहावेत म्हणून कपड्यांच्या हँगरची तार वाकवून तिच्या डोक्याला माइक बसवला होता. (आता ऊठसूट सगळेच तसले माइक लावतात.) मग थेट २०१४मध्ये लंडनला २२ प्रयोग. तिचं ‘रनिंग अप दॅट हिल’ १९८५मध्ये तिसऱ्या क्रमांकावर अडलं होतं, ते ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मध्ये वाजल्यावर २०२२मध्ये पहिलं आलं. आमच्या लेकीला अजून ते नवीनच गाणं वाटतं!