आधी रिपोर्ट कुणाचा?

हळदीकुंकवाला गेलं की वाण हातात पडायच्या आधी प्रश्न पडतो, "काय गं, काही गोड बातमी?" माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली, त्यामुळे आता प्रश्नाची जागा सल्ल्याने घेतलीय. अमक्या देवीला नवस बोल, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून ये, तमक्या गावचा वैद्य झाडपाला देतो. नवऱ्याला मात्र पारावर याबद्दल कुणी चकार शब्द विचारत नाही. त्याला कांद्याचा भाव विचारतात.

मला राग आहे तो याचा. मूल दोघांचं, बोल एकटीला.

मूल न होण्याच्या साधारण निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचंही कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणाच्या जोडीने. पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे वीर्याचा नमुना द्यायचा, बस. चिरफाड नाही, भूल नाही. बाईची? सोनोग्राफ्या, हार्मोनच्या तपासण्या, नळ्यांमध्ये औषध सोडून काढलेला एक्स-रे (ज्यांनी केलाय त्यांना विचारा कसं वाटतं), मग दुर्बीण. तरी आमच्याकडे सासूबाई सुनेला घेऊन दवाखान्यात जातात आणि मुलगा म्हणतो, "मला काय धाड भरलीय?" कित्येक घरांत बाईचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येऊनही मुलाचा नमुना गेलेला नसतो. त्याआधीच "दुसरी करू या का" अशी कुजबुज सुरू होते. हिंदू विवाह कायद्याने पहिली असताना दुसरी करता येत नाही, हे 1955 पासूनचं आहे. कुजबुजीला कायदा लागत नाही.

आणि हीच मंडळी 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतात! जोतीराव-सावित्रीबाईंना मूल नव्हतं. जोतीरावांना दुसरं लग्न करण्याचा आग्रह झाला, त्यांनी केलं नाही. 1874 मध्ये काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे डॉक्टर झाला, प्लेगच्या साथीत आईबरोबर रुग्णांसाठी राबला. आज कुणी दत्तकाचं नाव काढलं तर पहिला प्रश्न येतो, "कुणाचं रक्त, कुठली जात?"

संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे तर आणखी पुढे गेले. त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी मूल नकोच असं ठरवलं, आणि नसबंदीची शस्त्रक्रिया कर्व्यांनी स्वतःची करून घेतली. शंभर वर्षांपूर्वी! आज आमच्या गावात नसबंदी म्हटलं की बायकांचीच, पुरुषांना कामाला जायचं असतं म्हणे. ज्यांना मूल नकोच आहे त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको, "करियर करतात" एवढ्यात निकाल लागतो.

मला कुणाची दया नकोय. डोहाळजेवणाला ओटी भरायच्या वेळी "तू राहू दे, तुला बरं वाटणार नाही" असं गोड बोलून बाजूला बसवणं, ही दया नसते. ओटी भरणाऱ्या बाईचं स्वतःचं मूल असलं तरच पोटातलं बाळ सुखरूप राहतं, असं कुठल्या डॉक्टरने सांगितलंय?

पुढच्या महिन्यात भावाच्या लेकीचं बारसं आहे. नाव आत्याने ठेवायचं असतं, आणि आत्या मी एकटीच आहे. "लेकुरवाळी कुणीतरी बघा, चुलत बहीण चालेल," अशी एका काकूंनी सूचना केली होती. वहिनी सरळ म्हणाली, "कानात कुर्रर्र करायला ताईच येणार." नाव ठरलंय. इथे सांगणार नाही, आधी तिच्या कानात.