गाणी नकली नाहीत : ‘अ माइटी विंड’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया कालपासून तीनदा वाचली. ‘अ माइटी विंड’ला माझ्या लेखात मी प्रेमळ चित्रपट म्हटलं, ते तुम्हाला पटलेलं नाही. उतारवयातल्या कलावंतांच्या विसराळूपणावर, मोडलेल्या संसारांवर, एकाच्या तर मानसिक आजारावरही हसायला लावायचं आणि शेवटी एक हळवं गाणं टाकून मोकळं व्हायचं, याला प्रेम म्हणत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. वर गाणीही नकली, लोकसंगीताची टिंगल करायला रचलेली. इतक्या तळमळीनं लिहिलंत, त्याला चार ओळींत उत्तर देणं मला बरं वाटलं नाही.

गाण्यांपासूनच सुरुवात करते, कारण तिथे मी तुमच्याशी मुळीच सहमत नाही.

ख्रिस्तोफर गेस्टचा हा चित्रपट २००३चा. माहितीपटाचं सोंग घेतलेला. साठच्या दशकातल्या लोकगायकांना पुढे आणणारे एक आयोजक वारतात आणि त्यांचा मुलगा न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये स्मृती-मैफल ठरवतो. त्यासाठी जुनी मंडळी पुन्हा एकत्र येतात. गेस्ट आणि यूजीन लेव्ही यांनी फक्त प्रसंगांचा आराखडा लिहिला, बोलणं नटांनी कॅमेऱ्यासमोर आयत्या वेळी रचलं. गाण्यांना मात्र ही मोकळीक नव्हती. ती आधी लिहिली गेली, नीट बसवली गेली आणि वाद्यं नटांनी स्वतः वाजवली. कॅथरीन ओ’हारा त्यासाठी ऑटोहार्प शिकली. हे वाद्य दिसायला आपल्या स्वरमंडळाच्या कुळातलं. त्यावरची एक पट्टी दाबली की नको त्या तारा मुक्या होतात आणि हव्या तेवढ्याच झंकारतात. छातीशी धरून, गाता गाता, नजर जोडीदारावर ठेवून ते वाजवणं सोपं नाही. नुसती टिंगलच करायची असती तर पार्श्वगायन आणि चार खोटे हातवारे पुरले असते.

आणि टिंगल नेमकी कशाची आहे तेही बघा. ‘नेव्हर डिड नो वाँडरिन’ हे गाणं आठवा. ‘फोक्समेन’ हे म्हातारं त्रिकूट मैफलीत ते गाणार असतं. त्या काळी गावोगाव भटकणाऱ्या मुसाफिराची गाणी सगळेच गात. हे गाणं म्हणणारा मात्र सांगतो, मी कधी कुठे भटकलोच नाही. ऐन वेळी काय होतं, तर ‘न्यू मेन स्ट्रीट सिंगर्स’ हा एकसारख्या पोशाखातला, दातांची बत्तिशी न मिटणारा नऊ जणांचा ताफा रंगमंचावर येतो आणि तेच गाणं गाऊन टाकतो. शब्द तेच, चाल तीच, पण त्याला असं काही पॉलिश केलेलं की आतला माणूसच पुसला गेलाय. आत बसलेल्या तिघांचे चेहरे त्या क्षणी पाहा. गाण्याचा माल कसा होतो, हे सांगायला मला पानभर लिहावं लागलं असतं. चित्रपट ते एकच गाणं दोनदा ऐकवून सांगतो. हसू येतं ते त्या माल करण्यावर. ‘फोक्समेन’च्या रेकॉर्डना मधलं भोकच नव्हतं, हा विनोदही कंपनीवरचा आहे, गाणाऱ्यांवरचा नाही. मॅनेजर, प्रसिद्धीवाले, टीव्हीवाले यांना तर चित्रपट जराही सोडत नाही.

मिच (यूजीन लेव्ही) आणि मिकी (कॅथरीन ओ’हारा) ही चित्रपटातली एके काळची गायक जोडी. मिचबद्दल तुम्ही लिहिलंत ते गंभीर आहे. मिकीशी नातं तुटल्यावर तो खचला, उपचारांसाठी राहून आला, आता एकेक शब्द ओढून काढावा तसा बोलतो. सुरुवातीला त्या बोलण्यावर हसू येतं, मलाही आलं. पण चित्रपट आपल्याला तिथेच सोडत नाही. मैफलीच्या रात्री मिच गायब होतो. सगळ्यांची धावाधाव सुरू असताना तो परततो, मिकीसाठी फूल घेऊन. मग दोघं ‘अ किस अ‍ॅट द एंड ऑफ द रेनबो’ गातात. तरुणपणी या गाण्यातल्या एका थांब्यावर ते एकमेकांचं चुंबन घेत, आणि सगळा देश त्या जागेची वाट पाहत असे. आता तो थांबा जवळ येतो तसे बाकीचे कलाकार विंगेत येऊन उभे राहतात. ज्यांच्यावर आपण तासभर हसलो तेच सगळे श्वास रोखून बघताहेत. वाद्यं थांबतात. दोघं एकमेकांकडे बघत राहतात, जरा जास्तच वेळ. मग ते घडतं. त्या शांततेत एकही विनोद पेरलेला नाही. मी तिथे रडले, आणि दरवेळी रडते. मायकल मकीन आणि अ‍ॅनेट ओ’टूल यांनी लिहिलेल्या या गाण्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि २००४च्या सोहळ्यात लेव्ही आणि ओ’हारा यांनी ते मिच आणि मिकी म्हणूनच गायलं.

तुमचे दोन आक्षेप मात्र मला मान्य आहेत. शेवटी शेवटी ‘फोक्समेन’मधलं हॅरी शीररचं पात्र यापुढे स्त्री म्हणून जगायचं ठरवतं. तिथे चित्रपट फक्त पोशाख आणि आवाज यांच्या विसंगतीवर हशा वसूल करतो. एरवी प्रत्येकाला दिलेली माया तिथे आटते. मूळ लेखात मी हे टाळून पुढे गेले, ते चुकलं.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे : या संगीतातलं राजकारण चित्रपटानं गाळलंय. खरंय. ‘वीव्हर्स’ या चौघांच्या लोकगायक गटाचं ‘गुडनाइट आयरीन’ हे गाणं १९५०मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. पुढे कम्युनिस्ट ठरवून त्यांची दारं बंद केली गेली. त्यांच्यातल्या पीट सीगर यांनी १९५५मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे आपल्या मतांबद्दल आणि संबंधांबद्दल सांगायला नकार दिला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात चौघं कार्नेगी हॉलमध्ये पुन्हा एकत्र गायले. अशा माणसांनी या गाण्यांसाठी किंमत मोजली होती. गेस्टचा डोळा मात्र १९५८च्या ‘टॉम डूली’ या गाजलेल्या गाण्यानंतर आलेल्या, एकसारखे शर्ट घालणाऱ्या लाटेवर आहे. ती लाट खरी होती आणि तिच्यावर हसण्याजोगं पुष्कळ होतं, पण तेवढंच म्हणजे ते संगीत नव्हे. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

म्हणून एक विनंती. ‘वीव्हर्स’ नोव्हेंबर १९८०मध्ये कार्नेगी हॉलमध्ये पुन्हा एकत्र आले, त्यावर ‘वॉझन्ट दॅट अ टाइम’ हा खराखुरा माहितीपट आहे. त्यांच्यातले ली हेज त्यात व्हीलचेअरवर आहेत. मधुमेहानं दोन्ही पाय गेलेले, पण आवाजातला खर्ज आणि जिभेवरचा खट्याळपणा शाबूत. माहितीपट लोकांपुढे येण्याआधी, १९८१मध्ये, ते गेले. त्यांना बघताना मला हसू आलं, आणि त्यानं त्यांचा मान तसूभरही कमी झाला नाही. तो आधी बघा. मग टाउन हॉलमधला मिच-मिकीचा तो थांबा पुन्हा बघा. तेव्हाही ती टिंगलच वाटली, तर जरूर लिहा. मी वाट बघते.