फेलोशिप किती, यापेक्षा फेलोशिप कधी

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, मराठा-कुणबी समाजासाठीच्या सारथी या सरकारी संस्थेच्या फेलोशिपसाठी, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांना दरमहा मिळणाऱ्या रकमेसाठी, दोनशेच विद्यार्थी का, असा विषय विधान परिषदेत निघाला, तेव्हा त्या वेळच्या उपमुख्यमंत्र्यांनी पीएचडी करून ही मुले काय दिवा लावणार आहेत, असा उलट सवाल केला होता. त्यावर गदारोळ व्हायचा तेवढा झाला आणि निवळलाही. सवाल मात्र जिवंत राहिला. केज तालुक्यातल्या आमच्या गावी तो आता पारावरचा कायमचा विषय झाला असून, आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो दर पंधरवड्याला वर येतो. आणणारे बहुतेक वेळा आमचे थोरले चुलत भाऊ असतात, ज्यांना लहान-मोठे सगळेच अण्णा म्हणतात. त्यांचे कृषी सेवा केंद्र आहे. दुकानात दिवसभर माणसांची ये-जा असते, त्यामुळे त्यांचे मत एकट्याचे नसते, तालुक्याचे असते, असे ते स्वतःच सांगतात.

अण्णांचे म्हणणे थोडक्यात असे, की एकेका घरात दोन-दोन पोरे पीएचडीला लागली आहेत, महिन्याला बेचाळीस हजार उचलतात, बुडाखाली बुलेट घेऊन हिंडतात आणि संशोधन करतात ते कुणाच्या कामी न येणाऱ्या विषयावर. हा पैसा शेतकऱ्याच्या करातून येतो, हेही ते जोडतात. मी इथून, इंग्लंडमधून, काही लिहिले की उत्तर ठरलेले असते, “तुला तिकडं बसून बोलायला काय जातंय?” या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि बहुधा म्हणूनच बाकीच्या मुद्द्यांना मी गरजेपेक्षा लांब उत्तरे देतो. हा लेखही त्यातलाच समजावा.

आधी आकड्याचे बघू. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, कनिष्ठ संशोधन फेलोशिपचा (जेआरएफ) दर १ जानेवारी २०२३ पासून पहिल्या दोन वर्षांसाठी महिना ३७,००० रुपये आणि पुढच्या तीन वर्षांसाठी ४२,००० रुपये असा झाला. अनुसूचित जातींसाठीची बार्टी, सारथी आणि इतर मागासवर्गीयांसाठीची महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपची चर्चाही याच दराच्या आसपास फिरते. तालुक्याच्या गावात ही रक्कम डोळ्यांत भरण्याजोगी आहे, हे मी नाकारत नाही. पण अठ्ठावीस-तीस वर्षांच्या, एमएस्सी झालेल्या, घरात बहुधा पहिल्यांदाच इतक्या पायऱ्या चढलेल्या माणसाला मिळणारी ही रक्कम उधळपट्टी ठरत असेल, तर मग अनुदानित महाविद्यालयातल्या प्राध्यापकाच्या पगाराला काय म्हणायचे, ते अण्णा सांगत नाहीत. त्यांच्या दुकानी उधारीवर बी नेऊन ती वेळेवर फेडणाऱ्या गिऱ्हाइकांत प्राध्यापक बरेच असावेत.

माझ्या मते खरी गोम रकमेत नाही, ती तारखेत आहे. मी इथे यॉर्कशायरमधल्या एका विद्यापीठात कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींमधल्या जिवाणूंवर काम करतो. आमच्या विभागातल्या पीएचडीच्या मुलांना यूकेआरआय या ब्रिटनच्या सरकारी संशोधन-निधी संस्थेने ठरवलेला किमान स्टायपेंड मिळतो, जो २०२२-२३ मध्ये वर्षाला १७,६६८ पौंड होता आणि २०२५-२६ साठी २०,७८० पौंड झाला. लीड्समधले खोलीभाडे पाहता यात कुणी चैन करत नाही. शनिवारी संध्याकाळी मुदत संपत आली म्हणून स्वस्त केलेला, पिवळे स्टिकर लागलेला माल घ्यायला जाणाऱ्यांत मी आमच्याच प्रयोगशाळेतली मुले पाहिली आहेत. पण पैसे ठरल्या दिवशी खात्यावर येतात, बऱ्याच विद्यापीठांत तर महिन्याच्या किंवा तिमाहीच्या आरंभीच येतात, आणि ते नाव नोंदवल्याच्या पहिल्या महिन्यापासून येतात. पैसे कधी येतील, हा प्रश्न मी इथे एकाही विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकलेला नाही. आमच्याकडे मात्र संशोधक संशोधकाला भेटला की दुसरा प्रश्न पडत नाही.

ज्यांनी हे जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुलगा पेट ही पीएचडीची प्रवेश परीक्षा पास होतो, गाइड शोधतो, आरआरसीपुढे, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीपुढे, विषय मांडतो, नोंदणीचे पत्र मिळवतो आणि कोर्सवर्कला बसतो. त्यानंतर केव्हातरी फेलोशिपची जाहिरात निघते, मग चाळणी, मग कागदपत्रांची पडताळणी, मग यादी, मग यादीवर आक्षेप. २४ डिसेंबर २०२३ ला या तिन्ही संस्थांच्या फेलोशिपसाठी जी सामायिक परीक्षा झाली, तिची प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेटचीच, म्हणजे प्राध्यापकांच्या राज्यस्तरीय पात्रता परीक्षेचीच, निघाली आणि मुले परीक्षा सोडून बाहेर पडली. जानेवारी २०२४ मध्ये फेरपरीक्षा घ्यावी लागली आणि तिच्यावरही बहिष्काराची वेळ आली. या सगळ्या काळात संशोधन चालूच असते, म्हणजे तसे गृहीत धरलेले असते. निवड झाल्यावरही हजेरीपत्रक, सहामाही प्रगती अहवाल, घरभाड्याचा दाखला आणि आकस्मिक खर्चाची बिले यांवर गाइडची, संशोधन केंद्राची आणि विद्यापीठाची सही घेऊन गठ्ठा पुण्याला किंवा नागपूरला जातो, आणि एखाद्या शिक्क्यावरची तारीख पुसट असली तर परत येतो.

छत्रपती संभाजीनगरला, जे तेव्हा औरंगाबाद होते, विद्यापीठाच्या वसतिगृहात माझा एक खोलीसोबती होता. इतिहासाचा, वाचणारा, अक्षर मोत्यासारखे. फेलोशिप मंजूर झाल्याचे पत्र त्याच्या पेटीत होते आणि खानावळीच्या वहीत त्याच्या नावापुढे तांबडी रेघ होती. पुराभिलेखागारात कागद पाहायला हैदराबादला जायचे, तर तिकिटाचे पैसे तीन टक्क्यांनी उचललेले. मराठवाड्याचा १९४८ पर्यंतचा इतिहास लिहायचा म्हणजे निजामी दफ्तर बघितल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि ते दफ्तर रोज थोडे वाचले तरच उलगडते. फेऱ्या मारून उलगडत नाही. हा मात्र हातात पैसे असतील तेव्हा जात असे. पुढे त्याचे मागचे सगळे पैसे एकदम जमा झाले. सावकार, खानावळ, टायपिंगवाला यांचे देऊन उरलेल्यातून त्याने वडिलांना एक सेकंडहँड मोटारसायकल घेऊन दिली. गावाने पाहिली ती मोटारसायकल. तांबडी रेघ कुणी पाहिली नव्हती.

अण्णांना दिसणारी बुलेट अशीच जन्माला येत असावी, असा माझा कयास आहे. दरमहा हाती पडणारा पैसा जेवणाखाण्यात आणि पुस्तकांत विरून जातो, त्याची चर्चा होत नाही. दोन वर्षांचा पैसा एका दुपारी जमा झाला की तो लोकांच्या नजरेवर येतो, आणि मग घेणाऱ्याला लुटारू म्हणणे सोपे जाते. आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारा कोयता, म्हणजे तोडणी करणारे नवरा-बायकोचे जोडपे, मुकादमाकडून दसऱ्याच्या सुमारास उचल घेतो आणि मग हंगामभर ती अंगावरून फेडतो. संशोधकाचे याच्या नेमके उलटे, त्याने आधी राबायचे आणि उचल नंतर मिळायची, तीही तोवर टिकला तर. जो टिकतो तो बहुधा घरचा बरा असतो. म्हणजे ज्याच्यासाठी योजना काढली तो गळतो, ज्याला तिची तितकी गरज नव्हती तो राहतो, आणि त्याच्याकडे बोट दाखवून योजनाच बंद करा म्हणायला आपण मोकळे होतो. बार्टीच्या संशोधकांनी नोंदणीच्या दिनांकापासून फेलोशिप मिळावी म्हणून उपोषणे केली, ती मागणी पैशाची म्हणून पाहिली गेली. ती मुळात वेळेची मागणी होती.

आता उपयोगाचे. अण्णांच्या दुकानात बीडीएन-७११ तुरीच्या पिशव्या रचलेल्या असतात. हे वाण बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे आहे, साधारण दीडशे दिवसांत हाती येणारे, म्हणून परतीच्या पावसाचा भरवसा नसलेल्या आमच्या भागात ते चालते. बाजूलाच परभणीच्या विद्यापीठाचे एमएयूएस-७१ सोयाबीन विकले जाते. भेंडीच्या ‘परभणी क्रांती’ने पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणू रोगाला तोंड दिले आणि मराठवाड्याचे नाव देशभरच्या भाजीवाल्यांच्या शेतात नेले. एखादे वाण संकरापासून शेतापर्यंत यायला दहाएक वर्षे लागतात, आणि त्यातल्या सातव्या वर्षी कुणी काय दिवा लावलास म्हणून विचारले असते, तर दाखवायला नोंदवह्यांपलीकडे फारसे काही नसते. ते शास्त्रज्ञ पगारी होते, फेलोशिपवाले नव्हते, असे अण्णा म्हणतील. बरोबर आहे. पण पगारी होण्याआधी ते कुणाचे तरी विद्यार्थी होते.

उपयोगाचा हिशेब किती आंधळा असतो, याचे उदाहरण मराठवाड्याला तरी लांबून आणायला नको. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी एका तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. परत येऊन दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता. १९१७ मध्ये मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्याला परतावे लागले. बडोद्यात त्याला जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही आणि थोड्याच दिवसांत तो नोकरी सोडून निघून गेला. पुढे शाहू महाराजांची मदत आणि एका पारशी मित्राचे कर्ज घेऊन तो १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेला. संस्थानाच्या जमाखर्चात ही शिष्यवृत्ती बुडीत खात्यातच जायला हवी. त्याच डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले, आणि जिथे १९५८ पर्यंत स्वतःचे विद्यापीठ नव्हते त्या मुलखातली पोरे त्यामुळे शिकली. त्यांच्या नावाच्या विद्यापीठातून बाहेर पडलेला मी, त्या साडेअकरा पौंडांबद्दल तटस्थ राहू शकत नाही.

इथे अण्णा दुसरा मुद्दा काढतात आणि तो कच्चा नाही. इतक्या पीएचडी कशाला, नोकऱ्या कुठे आहेत? पण इतक्या पीएचडी झाल्या त्या कुणाच्या सांगण्यावरून? यूजीसीने २०१८ मध्ये विद्यापीठांत सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी सक्तीची केली, तारीख पुढे ढकलली, आणि १ जुलै २०२३ पासून नेट, सेट या पात्रता परीक्षा पुरे असे म्हणून सक्ती उठवली. ज्यांनी पहिला नियम खरा मानून ऐन उमेदीची पाच वर्षे घातली, ते आज तासिका तत्त्वावर तीन महाविद्यालयांत एसटीने फिरतात. त्यांना दिवा कुठे आहे असे विचारण्याआधी तेलाचे काय झाले, ते विचारायला हवे.

इंग्लंडची तरफदारी करताना मी इथले काही झाकून ठेवतो, हे अण्णांच्या मुलाने परवा बरोबर पकडले. रॉयल सोसायटी १९८३ पासून विद्यापीठीय संशोधन फेलोशिप देते, आठ-आठ वर्षांची; लेव्हरह्युम ट्रस्ट नवख्या संशोधकांच्या तीन वर्षांच्या पगाराचा निम्मा भार उचलतो आणि उरलेला विद्यापीठाने उचलायचा असतो. हे मी ग्रुपवर अभिमानाने सांगितले, जणू ट्रस्टमध्ये माझे मामाच आहेत. पण तीन वर्षांनंतर काय, याचे उत्तर इथेही नसते. गेल्या काही महिन्यांत आमच्या विभागात व्हॉलंटरी सेव्हरन्सचे, म्हणजे भरपाई घेऊन स्वखुशीने नोकरी सोडा असे सुचवणारे, ईमेल आले, माझ्या शेजारच्या खोलीतल्या बाई, ज्यांनी मला पहिल्या वर्षी सांभाळून घेतले, त्या निघून गेल्या, आणि त्यांच्या दारावरची पाटी कुणी काढलेली नाही. मीही फेलोशिपवरच आहे. ‘होतकरू’ म्हणून मला निवडले होते, आणि केसांकडे पाहता त्या विशेषणाची मुदत कराराच्या आधीच संपेल, असे दिसते.

तरीही भांडतो मी अण्णांशीच. मे महिन्यात इथल्या कौन्सिलच्या निवडणुकीत मी मत देऊन येतो, राष्ट्रकुलातला रहिवासी म्हणून तो हक्क मला आहे. पण निकालावरून कुणाशी वाद घालावा, जेवण निवेपर्यंत बोलत राहावे, असे मला कधी वाटलेले नाही. केजला मत द्यायचे तर प्रत्यक्ष जावे लागते आणि मी जात नाही. माझ्या इथल्या पगारावर कुणी शेतकरी हक्क सांगत नाही, माझ्या कामाचा काय उपयोग म्हणून कुणी पारावर अडवत नाही. ही मोकळीक मला हवी होती आणि ती मिळाल्यापासून सारखे वाटते, की आपण कुणाला काही लागत नाही. अण्णा चिडतात तेव्हा निदान मी त्यांचा काहीतरी लागतो.

अण्णांची धाकटी मुलगी अंबाजोगाईला एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने मागच्या आठवड्यात मला वेगळा फोन करून विचारले, “काका, पीएचडीला नाव नोंदवू का? बाबांना अजून बोलले नाही.” मी तिला सांगितले, की आधी विज्ञान विषयांसाठीची सीएसआयआरची नेट दे, जेआरएफ हातात येऊ दे, राज्याच्या फेलोशिपच्या आशेवर नोंदणी करू नकोस, यादी लागेपर्यंत दोन वर्षे जातात आणि तेवढी तू घरी कशी काढशील. हे अण्णांच्या कानावर गेले. त्यांनी ग्रुपवर लिहिले, “मग आम्ही काय वेगळं म्हणत होतो?” वेगळे हे, की ते योजना बंद करा म्हणतात आणि मी नोंदणीच्या महिन्यापासून दर महिन्याच्या एका ठरल्या तारखेला पैसे द्या म्हणतो. तसे झाले, तर मी तिला आजच परभणीच्या किंवा संभाजीनगरच्या गाइडकडे पाठवीन. तूर्त तिने नेटचा फॉर्म भरला आहे, आणि त्याची फी अण्णांनीच भरली.