बायकाच मिळत नाहीत, काय करणार!

तालुकाध्यक्षसाहेब, निवडणूक लागली की पत्रकार एक प्रश्न हमखास विचारणार: तुमच्या यादीत महिला इतक्या कमी का? गोंधळून जायचं नाही. "आम्ही द्यायला तयार आहोत हो, पण बायकाच पुढे येत नाहीत," असं म्हणायचं आणि थोडं हळहळायचं. वाक्य जुनं आहे, पण अजून खणखणीत चालतं. फक्त ते खरं ठरावं म्हणून वर्षभर थोडी मेहनत घ्यावी लागते.

सुरुवात बैठकीच्या वेळेपासून करा. रात्री साडेनऊनंतर, हायवेवरच्या ढाब्यावर, मागच्या खोलीत. निरोप सात वाजता द्यायचा. ताई आल्या नाहीत, तर "त्यांना रस नाही" अशी नोंद करून मोकळं व्हायचं. आल्याच, तर "आमच्या रणरागिणी" म्हणून पुढच्या खुर्चीवर बसवा, टाळ्या वाजवा, आणि तिकिटाचा विषय त्या घरी गेल्यावर काढा. ढाब्यावर रात्री कोण बसलं होतं, हे गावाला सांगायची तसदी तुम्ही घेऊ नका. ते गाव आपणहून सांगतं, आणि तुमच्यापेक्षा रंगवून.

घोळ होतो तो आरक्षणाच्या सोडतीला. शाळेतलं एखादं पोर बरणीत हात घालतं, चिठ्ठी निघते आणि अधिकारी साहेब वाचतात: नामाप्र महिला, म्हणजे जागा इतर मागासवर्गातल्या महिलेला राखीव. तीन वर्षं ज्या जिल्हा परिषद गटात (मतदारसंघात) तुमच्या इच्छुक भाऊंनी दहाव्या-बाराव्याला हजेरी लावली, तो हातचा गेला! पण इथे एक चमत्कार घडतो बघा. जी बाई जिल्ह्यात शोधून सापडत नव्हती, ती त्याच रात्री घरात सापडते, आणि तीही स्वयंपाकघरात! सकाळी चौकात फ्लेक्स लागतो. वहिनींचा फोटो पुतण्याच्या लग्नातल्या अल्बममधून कापलेला असतो. नीट बघितलंत तर त्यांच्या खांद्यावर चार बोटं दिसतील. ती त्यांच्या नवऱ्याची, म्हणजे भाऊंची. फ्लेक्सवाल्याला घाईत काढता आली नाहीत, आणि पुढची पाच वर्षं कुणालाच काढता येत नाहीत.

मग कागदपत्रांची धावपळ. जातीचा दाखला माहेरच्या नावाने, मतदार यादीत नाव सासरचं, पडताळणीला पुरावे वडिलांच्या बाजूचे. ज्या माहेरी दिवाळीलासुद्धा दोन दिवसांच्या वर राहू दिलं नाही, तिथे आता भाऊ स्वतः गाडी घेऊन सासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला आणायला जातात.

शपथेचीही काळजी नको. मार्च 2025 मध्ये छत्तीसगडातल्या परसवारा गावात ग्रामपंचायतीवर पंच (सदस्य) म्हणून निवडून आलेल्या सहा बायकांच्या जागी त्यांच्या नवऱ्यांनीच शपथ घेतली. (पंचायत सचिव निलंबित झाला बिचारा. आपल्याकडे इतका उघडपणा लागत नाही. सही वहिनींची, खुर्ची वहिनींची, बोलणं भाऊंचं.)

मात्र विधानसभेला असं काही करावं लागत नाही. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, आणि त्या निम्म्या जागांना उमेदवार मिळतातच. विधानसभेला तसं आरक्षण अजून लागू नाही, म्हणून 2024 साली 288 पैकी 21 जणीच निवडून आल्या. म्हणजे जिल्हा परिषदेपर्यंत बायका असतात आणि मुंबईच्या रस्त्याला लागल्या की हरवतात. याचं कारण कुणी विचारलंच तर "निवडून येण्याची क्षमता" म्हणा. ही क्षमता मोजायचं यंत्र तुमच्याच कपाटात आहे आणि किल्लीही तुमच्याच खिशात, हे बोलायची गरज नाही. 1960 पासून राज्याला एकही महिला मुख्यमंत्री नाही, याचं कुणी स्मरण करून दिलं तर जिजाऊ आणि अहिल्यादेवींना वंदन करून विषय बदला. गोव्यात 1973 सालीच शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या होत्या, पण गोवा लहान आहे, ते मनाला लावून घेऊ नका.

लोकसभा-विधानसभेत महिलांना आरक्षण देणारा संसदेचा 2023 चा कायदा? त्याचं जोरात स्वागत करा, पेढे वाटा. आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, त्यानंतर एक तृतीयांश जागा. पहिलं विधेयक 1996 चं. तुम्हाला सवय आहे.

आता खरी अडचण सांगतो. कधी कधी फ्लेक्सवरची वहिनी काम शिकते. पहिलं वर्ष गप्प बसते, दुसऱ्या वर्षी टिपणी वाचायला मागते, तिसऱ्या वर्षी पाणीयोजनेच्या ठेकेदाराला थेट फोन लावते, भाऊंना न विचारता. पाच वर्षं संपतात, गट खुला होतो, आणि ती फाइल काखेत मारून तुमच्या ऑफिसात येते. तिकीट मागायला! तेव्हा अगदी प्रेमाने म्हणायचं, "ताई, आता आरक्षण नाही ना." चहा पाजा. तब्येतीची, मुलांच्या दहावीची चौकशी करा. महिला आघाडीचं एखादं पद द्या, त्याला काही खर्च नाही.

ती उठली की लगेच दार लावू नका, चपला घालेपर्यंत थांबा. "मग मी अपक्ष भरते" हे वाक्य नेमकं उंबऱ्यावर येतं. ऐकू आलं तरी चेहरा हलू द्यायचा नाही. फक्त अर्ज माघारीची तारीख आणि तिच्या सासऱ्यांचा मोबाईल नंबर, दोन्ही एकाच कागदावर लिहून ठेवा.