गजांच्या चिलखताबद्दल एक खुलासा

'रणगाड्याभोवतीची गजांची जाळी रॉकेटला लांबच फोडते, म्हणून मॉडेलवर कोणतीही बारीक जाळी चिकटवली तरी चालते,' असं मॉडेल करणाऱ्यांत सर्रास सांगितलं जातं. यातली दोन्ही विधानं चुकीची आहेत.

आरपीजी-7 या खांद्यावरून डागायच्या रणगाडाविरोधी शस्त्राच्या पीजी-7व्ही रॉकेटचं डोकं 85 मिमी व्यासाचं. ते दोन गजांच्या मध्ये शिरलं की डोक्याचा बाहेरचा शंकू चेपून आतल्या शंकूला टेकतो, टोकावरच्या फ्यूजचं (स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेचं) सर्किट शॉर्ट होतं आणि स्फोट नीट होतच नाही. नाक थेट गजावर आदळलं तर मात्र ते फुटतंच. म्हणूनच गज म्हणजे पातळ पट्ट्या असतात, अरुंद कड बाहेर करून बसवलेल्या. नुसतं लांब फोडून भागत नाही; काही वेळा त्या अंतरामुळे भेदनशक्ती उलट वाढते.

1:35 मापात 85 मिमी म्हणजे जेमतेम 2.4 मिमी. पट्ट्यांमधली फट याहून कमीच हवी, पण फट दिसायलाही हवी. अफगाणिस्तानातला कॅनडाचा लेपर्ड 2 रणगाडा करताना मच्छरदाणीसारखी विणलेली जाळी लावलीत तर सगळी मेहनत वाया जाते. प्लास्टिकच्या किंवा पितळी पट्ट्या कडेवर उभ्या करा, आणि अंतरासाठी आधी पुठ्ठ्याचा साचा कापून घ्या.