गावमंडळाची खोली पण संस्थाच आहे

मुंबईतल्या संस्था म्हटलं की लोक जेजे, केईएम, एशियाटिक, राजाबाई टॉवर ही नावं घेतात, आणि घ्यायलाच पाहिजेत. जमशेटजी जीजीभॉय, प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला म्हणून शहराला हॉस्पिटल मिळालं, विद्यापीठाची लायब्ररी मिळाली. पण गिरणगावातल्या गावमंडळाच्या खोल्यांना कोणीच संस्था म्हणत नाही, आणि मला ते मनापासून खटकतं.

नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. कोकणातनं, साताऱ्या-कोल्हापुराकडनं गिरणीत आलेल्या लोकांनी लालबाग, परळ, वरळीला गावाच्या नावानी खोल्या घेतल्या. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका, वर खुंट्यांवर कपडे, कोपऱ्यात वळकट्या, ग्रामदैवताचा फोटो. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर आडवा व्हायचा. माझे वडील लग्नानंतरही कित्येक वर्षं अशाच खोलीत होते. महिन्याला वर्गणी, वहीत नोंद, हिशोब सगळ्यांसमोर, आणि त्याच वर्गणीतनं गावच्या शाळेचे पत्रे, देवळाचा जीर्णोद्धार, इथे कोणी गेलं तर गावाला न्यायची गाडी. गावाकडनं नवीन पोरगा आला की नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडे पैसे मागायचे नाहीत हा आमच्या खोलीचा नियमच होता.

जेवण खाणावळीत. गिरणी कामगारांच्याच बायका घरात रांधून घालायच्या, किराण्यासाठी सावकाराच्या व्याजात पिचून जायच्या. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आणि हे फक्त आपल्यातच नव्हतं बरं का. धोबीतलावला गोव्याच्या लोकांचे कूड आहेत, म्हणजे अशाच गावाच्या राहायच्या जागा, प्रत्येक गावाचा वेगळा, बोटीवर जाणाऱ्या खलाशांसाठी. तिथेही ट्रंकांची रांग, आपल्या फोटोच्या जागी त्यांची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. भाषा वेगळी, धर्म वेगळा, रीत तीच.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हळूहळू खोल्या रिकाम्या झाल्या. आता रीडेव्हलपमेंट. बीडीडी चाळीत 160 फुटांच्या खोलीतनं माणूस 500 फुटांच्या घरात जातोय, याचा मला आनंदच आहे, कॉमन संडासाच्या लाईनीत आयुष्य काढलेल्यांना विचारा. पण मंडळाच्या खोलीचं काय? बऱ्याच ठिकाणी भाडेपावती कुणातरी एकाच्या नावावर, तो माणूस कधीच वारला, आणि आता मुलं म्हणतात घर आमचंच. वर्गणी पन्नास जणांनी भरली त्याचं काय? माझं स्पष्ट मत आहे की नव्या बिल्डिंगमध्ये मंडळांसाठी एक तरी हॉल करारातच लिहून घ्यावा, पार्किंगसाठी जागा निघते तर यासाठी पण निघेल.

आणि जुन्या वर्गणीच्या वह्या कृपा करून रद्दीत घालू नका, आधी पानांचे फोटो काढा. आमच्या वहीत पहिल्याच पानावर आहे खोली घेताना कोणी किती पैसे घातले ते, तुमच्याही वहीत असेल, उद्या वाद झाला तर दाखवायला तेवढंच हातात राहील.