ड्रायव्हर न वाचता रिव्ह्यू कसा करावा

अभिनंदन! नव्या इथरनेट कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे ते नेटवर्क कार्ड चालवणारा कोड, लिहून झालाय आणि रिव्ह्यूअर म्हणून तुमचं नाव घातलंय. घाबरू नका. चिपची डेटाशीट जाडजूड असते, ती उघडायची नसते. (डेटाशीट वाचणारा माणूस टीममध्ये एकदा का ओळखला गेला, की जन्मभर तेच काम त्याच्या गळ्यात पडतं.)

सुरुवात चेकपॅचपासून करावी. ती कोडची मांडणी आपोआप तपासणारी स्क्रिप्ट आहे, म्हणजे वाचायचं काम परस्पर झालं. टॅबच्या जागी स्पेस सापडली की दिवस सार्थकी लागला. ओळीच्या लांबीचा इशारा चेकपॅचनं 2020 साली 80 वरून 100 रकान्यांवर नेला, पण लिनक्स कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) स्टाइलच्या नियमांत पसंती अजून 80 लाच आहे, तेव्हा भांडायला भरपूर वाव. त्यातून नेटवर्किंगच्या कोडमध्ये लोकल व्हेरिएबलं लांब ओळीकडून आखूड ओळीकडे लावायची रीत आहे, तिला ‘उलटा ख्रिसमस ट्री’ म्हणतात. एवढ्या एका झाडावर पॅचच्या (पाठवलेल्या कोडच्या) तीन आवृत्त्या आरामात निघतात. लिहिणारा रडकुंडीला येतो आणि तुम्ही कडक रिव्ह्यूअर ठरता.

आता ट्रान्समिटचं, म्हणजे पॅकेट पाठवायचं फंक्शन. पॅकेटचा बफर डीएमएसाठी (कार्डानं मेमरी थेट वाचावी यासाठी) मॅप केलाय, मिळालेला पत्ता तसाच डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे कार्डासाठीच्या चिठ्ठीत, टाकलाय. मॅपिंग फसलं का, हे विचारलेलंच नाही. आयओएमएमयू (कार्डांसाठी मेमरीचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) असलेल्या मशिनवर ते फसू शकतं, आणि मग कार्ड भलत्याच पत्त्यावर वाचायला जातं. पण तुमची नजर तिथं जाऊ देऊ नका. वरच्या कॉमेंटमध्ये ‘रिसीव्ह’चं स्पेलिंग चुकलंय, ते पकडा.

त्याच्या दोन ओळी खाली डिस्क्रिप्टरचा ताबा कार्डाला देणारा ‘ओन’ बिट लावलाय. पत्ता आणि लांबी मेमरीत आधी पोचायला हवी, बिट नंतर, म्हणून मध्ये डीएमए राइट बॅरियर, म्हणजे लिखाणांचा क्रम पाळायला लावणारा अडसर, लागतो. तो नाही. तुमच्या टेबलावरच्या इंटेलवर सगळं सुरळीत चालतं, कारण ते प्रोसेसर असली लिखाणं क्रमानंच बाहेर पोचवतात. एआरएम प्रोसेसरवर क्रम उलटू शकतो, कार्ड अर्धवट भरलेला डिस्क्रिप्टर उचलतं आणि कुठंतरी आठवड्यातून एकदा लिंक गपगार पडते. कुणी बॅरियर मागितलाच, तर परफॉर्मन्सचा मुद्दा काढा. 10 गिगाबिटवर सर्वांत लहान पॅकेटं सेकंदाला 1 कोटी 48 लाखांवर जातात, म्हणजे एका पॅकेटला जेमतेम 67 नॅनोसेकंद. हा आकडा मीटिंगमध्ये टाकला की सगळे माना डोलावतात. हाच बॅरियर एक्स86 वर, म्हणजे तुमच्या त्या इंटेलवर, एकही जादा इन्स्ट्रक्शन घालत नाही, हे मात्र कुणाच्या कानावर पडू देऊ नका.

एरर पाथ, म्हणजे काही फसल्यावर आवराआवर करणारा कोड, सोडून द्या. प्रोब (कार्ड सुरू करून देणारं फंक्शन) काय रोज फेल होतो?

आडकाठी करणारा एखादा जुनाजाणता 2003 सालची गोष्ट काढेल. इथरनेटची फ्रेम किमान 64 बाइटची हवी. त्यातले 4 सीआरसीचे (चूक पकडणाऱ्या बेरजेचे), म्हणजे ड्रायव्हरनं 60 तरी द्यायला हवेत. एआरपीचं (शेजारच्या मशिनचा हार्डवेअर पत्ता विचारणारं) पॅकेट हेडर धरून 42 बाइटचं भरतं. उरलेल्या 18 मध्ये शून्यं भरायची. बऱ्याच ड्रायव्हरांनी शून्यं भरलीच नाहीत, कार्डाला नुसतं ‘लांबी 60’ सांगून मोकळे झाले. मग बफरच्या पुढं जे काही पडलेलं असेल, जुन्या पॅकेटाचा तुकडा म्हणा, कर्नलच्या मेमरीतलं काही म्हणा, ते तारेवरून शेजाऱ्याच्या घरी. सुरक्षेच्या त्रुटींच्या यादीतला त्याचा नंबर सीव्हीई-2003-0001, टोपणनाव ‘इथरलीक’. ऐकून घ्या, ‘इंटरेस्टिंग’ म्हणा आणि विचारा, की हा 60 थेट आकडा का लिहिलाय, मॅक्रो (नाव दिलेला आकडा) का नाही?

शेवटी पॅचला ‘रिव्ह्यूड-बाय’ हा तुमच्या नावाचा टॅग देऊन टाका. कर्नलच्या नियमांप्रमाणे त्याचा अर्थ ‘मी तांत्रिक तपासणी केली आहे’ असा होतो, पण अप्रेझलच्या वेळी तो टॅग मोजला जातो, वाचला जात नाही.

आणि कधीकाळी बग रिपोर्ट आलाच, तर 2008 चं उदाहरण तोंडपाठ ठेवा. लिनक्स 2.6.27 च्या चाचणी आवृत्त्यांवर इंटेलच्या ई1000ई कार्डांची एनव्हीएम मेमरी (कार्डाची सेटिंग कायमची साठवणारी) खराब होत होती, कार्डं निकामी होत होती. सगळ्यांचा संशय ड्रायव्हरवर. आणि चोर निघाला कोण? एफट्रेस, कर्नलमधली फंक्शनं कशी चालतात ते टिपणारं साधन! ड्रायव्हरशी त्याचा काडीचा संबंध नाही. एवढं सांगून थांबायचं. ती एनव्हीएम भलत्या कुणालाही लिहिता येईल अशी उघडी ठेवली होती आणि ड्रायव्हरमध्येच तिला लेखनबंदी घालावी लागली, हे समोरच्यानं स्वतः शोधून काढलं, तर दोष ढकलायला फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) आहेच.